कापड्याची एसटी कुठं गेली?

मंगळवार, संध्याकाळ. कापडे.

डोकं अजून तापलेलंच आहे. लिहिल्याशिवाय घास उतरायचा नाही.

पोलादपूरचा महाबळेश्वर फाटा मी महिनाभर कॉम्प्युटरवर उभा करतेय. गाड्या खोट्या, पण वागणं खऱ्यासारखं. प्रत्येक गाडी किती वेगाने आली, किती वेळ थांबली, हे गोळा करायचं. त्यावरून फाटा रुंद करायचा की नाही ते ठरणार. आज बघते तर कापड्याची एसटी फाट्यात शिरली आणि बाहेर पडलीच नाही. मग कळलं, फार वेळ अडकलेली गाडी सॉफ्टवेअर परस्पर उचलून टाकतं. म्हणूनच कोंडी दिसत नव्हती!

साहेबांना फोन केला. म्हणाले, "अगं, ती सोय असते. आकडे चांगले आलेत, तसेच पाठव."

चांगले? कुणासाठी?

आई बाजारातून त्याच एसटीने येते. तिला सांगितलं, तर भाकरी थापता थापता म्हणाली, "गाडी उचलली, मग आतली माणसं कुठं टाकली गो?" मला हसू आलं. मग हसू गेलं.

ती सोय बंद केली आणि पुन्हा चालवलं. रांग पार स्टँडच्या मागे गेली. मधोमध कापड्याची एसटी, जागची हलत नाही. हेच आकडे पाठवले, खाली माझं पूर्ण नाव घालून. साहेबांना ती एसटी नकोच असेल, तर त्यांनी फाट्यावर यावं आणि माझ्या आईसकट उचलून दाखवावी.