माझ्या वजनाचा गूळ

माय, तुला एक विचारायचं राहूनच गेलं. आमच्या डॉक्टरने मला वजन उतरवायला सांगितलंय. गहू बंद, भात बंद, ज्वारीची भाकर खा म्हणतो. दुकानात गेले तर ज्वारी गव्हाहून महाग. तू असतीस तर दुकानदाराच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणाली असतीस. आपल्या दारव्ह्याच्या घरात पोळी व्हायची ती पाहुणा आला तर, आणि ज्वारी म्हणजे आपलं रोजचं. हा भाव असा उलटा कसा फिरला, याचं मला अजून कोडं आहे.

लहानपणी मुदतीच्या तापातून मी वाचले तर माझ्या वजनाइतका गूळ देवीला वाहीन, असं तू बोलली होतीस. मी वाचले, पण पार काडी होऊन. बाबा कापसाच्या बाजारात काट्यावर तोलायचे, त्यांना हिशेब लगेच कळला. म्हणाले, "आताच फेडून टाक, सस्त्यात सुटशीन." तू भाकर थापता थापता म्हणालीस, "देवाले काय हाडकं तोलून देऊ? अंग धरू द्या पोरीले." नवस राहिला तर देवी दिलेलं परत नेते, हा धाक तुझ्या पोटात होताच. तरी तू थांबलीस.

मग रेशनवर अमेरिकेची ती लाल ज्वारी आली. तू पीठ बोटांत चोळायचीस आणि भेटेल त्या शेजारणीला विचारायचीस, "हिनं अंग धरते का व?" कुणालाच माहीत नसायचं. तेलाची धार तेवढी माझ्याच ताटात पडायची. दर बाजाराला तू आधी गुळाचा भाव विचारायचीस, मग माझा दंड चाचपायचीस. दोन्ही चढत होते. बाबा हसायचे, "दोन्हीकडून मार हाय बाई तुले." ते ऐकून मी अर्धी भाकर ताटात ठेवू लागले.

"कायले ठेवली?"

"मी जड झाली तं गूळ जास्त लागन."

तू पाठीत एक धपाटा घातलास. "गुळाची फिकीर मी करतो. तू फक्त जड हो."

संक्रांतीनंतर नवा गूळ आला, भाव जरा उतरला, आणि देवळासमोर बाबांनी काटा टांगला. एका पारड्यात मी, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या. माझं पारडं उचललंच जाईना. बाबा हळूच म्हणाले, "पायातले वाळे काढ." तू म्हणालीस, "काही काढू नोको." आणि मग तू हसायला लागलीस. अजून गूळ आणायला बाजारात गेलीस ती वाटेत दिसेल त्याला सांगत, "कमी पडला, पोरीले गूळ कमी पडला." पदरचे पैसे जाताना एवढं खूश झालेलं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

विचारायचं ते हेच. धाक एवढा होता, तर थांबलीस कशी? रोज मनात काय म्हणत होतीस देवीला?

हे पत्र मी कपाटात ठेवणार आहे. मुलांनी वाचलं तर हसतील. परवा दवाखान्यात माझं वजन चार किलो उतरलेलं निघालं. डॉक्टर खूश, सून खूश, मीही हसले. खरं सांगू माय, मला भीती वाटली.