माझ्या गालाच्या मापाची बंदूक

मी लाम्बेर्ट सिमोनिक, वय तेवीस, अविवाहित, राहणार फेर्लाख, नदीकडच्या आळीतले शेवटचे घर, आज सकाळी हे मृत्युपत्र लिहीत आहे. सकाळ मुद्दाम निवडली. ताप संध्याकाळी चढतो, आणि तापात लिहिलेल्या कागदावर माझा उर्बान काका उद्या बोट ठेवील. तेव्हा नोंद असावी की डोके ठिकाणावर आहे, कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून कोणी काही काढून घेतलेले नाही. छातीतले दुखणे बरे होणारे नाही, हे डॉक्टरांनी आईला खोलीबाहेर नेऊन सांगितले. आमचे दार नीट लागत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. कायद्याचा अभ्यास मी दुसऱ्या वर्षी सोडला आणि वारसाहक्क तिसऱ्या वर्षी शिकवतात, म्हणून भाषेत चूक निघाली तर ती माझी. इच्छेत चूक नाही.

एक. मला बाबांच्या नावाच्या दगडाखाली पुरावे. बाबा तिथे नाहीत, ते युद्धात पडले आणि इटलीच्या सीमेवर कुठेतरी आहेत, त्यामुळे जागा मोकळीच आहे. शिकारीची टोपी शेजारी ठेवायला हरकत नाही, पण तिच्यात हिरवी डहाळी खोचू नये. डहाळी ज्याने जनावर पाडले त्याच्या टोपीत जाते. मी पाडलेले नाही. कोणाला दया येऊन त्याने खोचलीच, तर आईने काढून टाकावी.

दोन. घरातला माझा अर्धा हिस्सा, पेढीतली शिल्लक आणि या कागदात ज्याची विल्हेवाट लावलेली नाही ते सगळे आईला. माझी गादी, उशी आणि घोंगडी जाळावी. आई, धुऊन वापरीन म्हणू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे.

तीन. कायद्याची पुस्तके उर्बान काकाला. जाडजूड आहेत, त्याच्या लाकूडवखारीत फळ्या दाबून ठेवायला कामी येतील. "वकील व्हायला गेला आणि अशील होऊन परत आला," हे वाक्य त्याने गावातल्या प्रत्येक टेबलावर बिअरसोबत वाढले आहे. वाक्य चांगले आहे, हे मी मरताना कबूल करतो. जिवंतपणी केले नसते.

कॉलेज का सोडले, याच्या गावात निरनिराळ्या कथा आहेत. खरी अशी. थेक्ला राव्निकचा साखरपुडा झाल्याचे आईच्या पत्रात वाचले आणि त्याच दुपारी तास चालू असताना उठलो. प्राध्यापक म्हणाले, "सिमोनिक, बसा." मी म्हणालो, "तुम्हीच बसा." आणि गाडी पकडली. घरी पोचेपर्यंत पुढे काय करायचे ते ठरले नव्हते. अजून ठरलेले नाही, आणि आता गरजही उरलेली नाही.

चार. माझी एकबारी बंदूक. याला जागा लागेल.

साखरपुडा झालेल्या मुलीच्या घरी उगीच जाता येत नाही. पण तिचे वडील बंदुका घडवतात, आणि गिऱ्हाइकाला कोणी हाकलत नाही. उस्ताद गोटहार्ड राव्निक यांच्यासमोर मी त्या शरद ऋतूत टोपी काढून उभा राहिलो आणि म्हणालो, डोंगरासाठी बंदूक हवी, माझ्या मापाची.

"किती बारांची?"

"एकाच."

उस्तादांनी चष्मा कपाळावर चढवला. "लाम्बेर्ट, तुझ्यासारख्या तापट पोराला पाच बारांची तयार मिळते ती बरी. एकबारीतला एक चुकला की तू बंदूकच फेकून मारशील."

मागच्या खोलीतून थेक्ला हसली. उस्तादांची नजर अधू झाल्यापासून दस्त्याचे, म्हणजे खांद्याला लावायच्या लाकडाचे, सगळे काम तीच करते: अक्रोडाचा ठोकळा निवडण्यापासून मुठीवरची चौकड्यांची जाळी कोरण्यापर्यंत.

डोंगरात एकबारीच का, हे आमच्याकडे लहान मुलेही सांगतील. पाठीला चिकटून बसते, कड्यात अडकत नाही, आणि दुसरा बार नसल्यामुळे माणूस पहिला विचार करून टाकतो. माझे कारण वेगळे होते. पाच बारांची बंदूक दुकानातून त्याच दिवशी घरी येते. एकबारी एकेक तुकडा घासून घडवतात, त्याला दीड वर्ष जाते. मला ते दीड वर्ष हवे होते. म्हणून जे जे सावकाश होते ते ते मी निवडले. आठ पैलूंची नळी, कारण पैलू हाताने पाडतात. न वाळलेला ठोकळा, कारण तो वाळेपर्यंत थांबावे लागते. पोलादावर नक्षी काय हवी, हे ठरवायलाच मी एक हिवाळा घालवला.

"डोंगरबकरा की गरुड?" थेक्ला विचारायची.

"पुढच्या आठवड्यात सांगतो."

"तुझ्या बंदुकीच्या आधी तो बकरा म्हातारा होऊन मरेल, वेड्या."

मग मी आजारी पडलो.

उन्हाळ्यात पहिल्यांदा म्हणालो, थोडी हलकी करता येईल का? उस्तादांनी पैलू उतरवून नळी गोल केली. महिन्याने म्हणालो, अजून. त्यांनी नळी चार बोटे कापली. पुढच्या खेपेला दस्ता बुडाकडून आत पोखरायला सांगितले. त्यांना वाटले, शहरात नवी टूम निघाली असेल. म्हणाले, "पोरा, वजन उगीच नसतं. बंदूक जेवढी हलकी तेवढी ती खांद्याला लाथ मारते."

थेक्लाला मात्र दस्त्यावरून कळले. दस्त्याची वरची कड गालाच्या मापाने उतरवतात. गाल टेकला की डोळा आपोआप नळीच्या रेषेत यायला हवा. तिने वसंतात घेतलेल्या मापाने कड थोडी उतरवली होती, बाकीचे लाकूड शेवटच्या तासणीसाठी ठेवले होते. ऑगस्टात तिने दस्ता माझ्या खांद्याला लावला, समोर येऊन माझ्या डोळ्यात पाहिले, आणि पुन्हा लावला.

"तुझा गाल कुठे गेला?" ती म्हणाली.

मी म्हणालो, आईचा स्वयंपाक बिघडलाय.

ती हसली नाही. रंधा खाली ठेवला. "उरलेलं लाकूड मी आता काढत नाही. गाल बसला की कड उंच लागते." नंतर हळूच, "अजून उंच लागेल का?"

"लागेल," मी म्हणालो. एवढेच आमचे बोलणे झाले. त्या दिवसापासून तिने माझे माप घेताना वडिलांना खोलीत येऊ दिले नाही. तिने माझ्यासाठी केलेली ही एकच चोरी आहे, आणि मी ती इथे लिहून ठेवतो.

सप्टेंबरात नळी सरकारी तपासणीतून शिक्का घेऊन आली. चांदमारीवर मी एक बार टाकला. ठिपक्यावर बसला. तोंडात रक्त आले. उस्ताद टाळ्या वाजवत होते, म्हणून मी ते गिळले. त्या क्षणी सगळा हिशेब कळला. जी बंदूक मला डोंगरावर नेता येते तिचा धक्का मला सोसत नाही. जिचा धक्का सोसेल ती मला उचलवत नाही. या दोन्हींच्या मधली बंदूक जगातला कोणताही उस्ताद घडवू शकत नाही, कारण उणीव पोलादात नाही.

तरी मी गेलो. बकऱ्याचा परवाना वनखात्याचा असतो आणि आमच्या बाजूचा वनरक्षक कायेटान आहे. थेक्लाचा होणारा नवरा तोच. त्याने माझी पिशवी घेतली, बंदूक घेतली, शेवटच्या चढाला मलाच पाठीवर घेतले. मी त्याला वाटेत जे जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. तो फक्त म्हणाला, "शिव्यांना दम पुरतोय तुझ्या. मग ठीक आहेस."

बकरा दरडीच्या कडेला आडवा उभा राहिला. एवढा वेळ उभे राहणारे जनावर मी पाहिले नव्हते. गाल टेकला. थेक्लाने कड इतकी बरोबर ठेवली होती की डोळा आपोआप रेषेत गेला.

"टाक बार," कायेटान कुजबुजला.

मला आठवले ते तोंडातले रक्त. चापावरचे बोट हलले नाही. मी भ्यालो. बकरा डोके हलवून निघून गेला.

कायेटान म्हणाला, "वारा फिरला रे. त्याला वास लागला."

वारा फिरला नव्हता. त्याने खाली येऊनही सगळ्यांना वाऱ्याचेच सांगितले. टोमणा मारला असता तर मी त्याला माफ केले असते. थेक्लाजवळ तरी त्याने खरे सांगावे, एवढी माझी मागणी आहे. त्याला माझे बर्फावर चालताना बुटाला बांधायचे लोखंडी काटे द्यावेत. त्याच्या मापाचे आहेत, तपासून पाहिले आहे.

आता बंदूक. ती थेक्ला राव्निक हिला द्यावी. नवऱ्याने हात लावू नये. तिने चालवावी की नाही, भिंतीवर टांगावी की पेटीत ठेवावी, यावर माझी अट नाही. मी तिला हे तोंडी सांगितले तेव्हा ती "नको" म्हणाली. कारण विचारले तर म्हणाली, जाळी कोरायची राहिली आहे, माझा हात थांबवू नकोस. फेब्रुवारीत तिचे लग्न आहे. तोवर मी नसेन. त्या नव्या घरात माझे म्हणून काहीतरी असावे, एवढीच इच्छा आहे आणि बाकीची कलमे तिच्याभोवती भरती म्हणून आहेत. ती नको म्हणाली तरी मी लिहितो. मेलेल्या माणसाला नाही म्हणणे जड जाते, असा माझा अंदाज आहे.

पाच. वरील मजकूर मी स्वतः लिहिला. स्वहस्ताक्षर पुरेसे असते, पण काकामुळे तीन साक्षीदार घ्यावेत असे नोटरी श्री. कोराटी यांनी सुचवले. ते आत्ता समोर बसले आहेत आणि आईने दिलेल्या केकचे तुकडे कोटावरून झटकत आहेत. दोन साक्षीदार आले. तिसरे शाळामास्तर सासुरवाडीला डुक्कर कापायला गेले, ते परतलेले नाहीत.

हे लिहीत असताना थेक्ला आली. घोंगडीत गुंडाळलेली बंदूक तिने पलंगाच्या पायथ्याशी ठेवली. जाळी पूर्ण झाली आहे. मी तिच्यावरून बोट फिरवले. एकही रेघ चुकलेली नाही.

"तिसरा कोण?" तिने विचारले.

"मास्तर. डुकरापाशी आहेत," आई म्हणाली.

"मग मी करते सही."

नोटरी घाईघाईने म्हणाले, "तुम्हाला नाही करता येणार, फ्रॉयलाइन. तुम्हाला यात वस्तू दिलेली आहे. जो साक्ष देतो त्याला त्या कागदातून काही मिळत नाही. सही केलीत की कलम चार गेलं."

"वाचून दाखवा," ती म्हणाली.

त्यांनी कलम चार वाचले, सगळे. गाल, रक्त, वारा, सगळे. ती खिडकीकडे तोंड करून ऐकत होती. मला वाटले, आता ती रडेल आणि घेईल. संपल्यावर तिने माझ्या हातातली लेखणी मागितली.

मी म्हणालो, "थेक्ला, अगं थांब. एक वर्षाने ठरव."

"एक वर्षाने मी घेईन रे," ती म्हणाली. "म्हणून आजच सही करते. मला कायेटानबरोबर जगायचंय, लाम्बेर्ट."

नोटरींनी विचारले, कलम खोडू का? खोडू नये. बंदूक कलम दोनप्रमाणे आईकडे जाईल, आणि बंदुकीच्या तेलाचा वास तिला सहन होत नाही. कलम निष्फळ म्हणून तसेच राहावे.

फेर्लाख, आठ डिसेंबर १९२७, दुपारच्या आत.

लाम्बेर्ट सिमोनिक (सही)

साक्षीदार:
रोमुआल्ड वेडेनिग, पाववाला (सही)
पांक्रात्स कुमर, टपालवाला (सही)
थेक्ला राव्निक, दस्ते घडवणारी (सही)

नोटरीचा शेरा: साक्षीदार क्रमांक तीन यांना सहीचा परिणाम दोनदा समजावून सांगितला. समजले, असे त्यांनी दोन्ही वेळा सांगितले.