टपालाची थैली आणि मागं फिरणं

बाबा,

आज मी कॅप्टन म्हणून पहिल्यांदा उडाले. डाव्या खुर्चीत मी, पाठीमागं सत्तर माणसं आणि विमानाच्या पोटात टपालाच्या सहा थैल्या. थैल्या मुद्दाम हात लावून बघून आले. सहवैमानिक हसला. हसेना का! माझा बाप आखाडा बाळापूरहून सायकलनं तांड्यांवर टपाल न्यायचा, हे त्याला कुठून माहीत असणार?

हैदराबादहून निघालो, आणि नांदेडला उतरायच्या वेळी असा पाऊस कोसळून राहिला की धावपट्टी दिसेचना. ठरलेल्या उंचीपर्यंत आले, न्हाई दिसली, विमान वर उचललं. सहवैमानिक म्हणाला, "अजून एकदा बघायचं का, मॅडम?" पहिलाच दिवस, बाबा. मागं फिरले तर लोक काय म्हणतील, ते मला तोंडपाठ होतं. तरी विमान हैदराबादला वळवलं.

मी चौथीत असेन. तुमच्या सायकलच्या दांडीवर बसलेय, ओढ्याला पूर आलाय, अलीकडं अडकलेले वाटसरू, पलीकडं तांड्यावरची माणसं उभी आहेत. "उतर की, कमरेइतकंच तर हाय!" तुम्ही सायकल दोन पायांत धरून पाण्यात काठी घालून बघता, थैली छातीशी धरता आणि स्वतः ओरडून सांगता, "आज टपाल येणार न्हाई. उद्या येतो." तिकडून एक जण ओरडतो, "डाकवाला भ्याला रे!" दोन्ही काठ हसतात. वाटेत मी विचारलं, "काहून फिरलात बाबा?" तुम्ही म्हणालात, "भ्यालो तर भ्यालो. थैली माझी न्हाई, लोकाची हाय. ती घेऊन शूरपणा करायचा नसतो." दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं, आणि त्याच ओरडणाऱ्याच्या पोराला नोकरीचा कागद मिळाला. ठणठणीत कोरडा.

पुढं शिकताना अमेरिकेतल्या पहिल्या टपाल-वैमानिकांबद्दल वाचलं. नद्या आणि रेल्वेचे रूळ बघत विमान न्यायचे बिचारे. साहेब म्हणाला उडा, की धुक्यात शिरायचे आणि कितीतरी जण थैलीसकट जायचे. वाचताना सारखं वाटायचं, यांच्यात एक तरी माझा बाप हवा होता.

हैदराबादला माइकवरून सांगून मोकळी झाले असते. पण तुम्ही काठावर उभं राहून सांगितलं होतं, म्हणून मीही उठून माणसांसमोर गेले. वसमतचे एक हळदीचे व्यापारी चाचा भडकलेले. "आज माझ्या पोरीची मंगनी हाय! बाईच्या हातात दिलं की असंच व्हायचं. भ्याली!" मी म्हणाले, "व्हय चाचा, भ्याले. ढग हटले की तुमाला घेऊन जाते." मग आत येऊन नांदेडचं हवामान पुन्हा मागवलं.

दोन तासांनी पुन्हा निघालो. वळसा घेताना दूर सिद्धेश्वर धरणाचं पाणी उन्हात लखलखलं, आणि समोर धुऊन निघालेली धावपट्टी! चाकं टेकली तेव्हा मागं टाळ्या वाजल्या. खरं सांगते, मी शीळ घातली, कॅप्टनच्या खुर्चीत बसून! सगळे उतरेपर्यंत दारात उभी राहिले. चाचा थांबले, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बराबर केलं बेटी. मंगनीत बाप पायजे, त्याच्या मौतीची खबर न्हाई." मग खाली जाऊन मी सहाही थैल्या उतरताना पाहिल्या. एकीवरही थेंब नव्हता, बाबा! ऊर असा भरून आला की काय सांगू.

हे पत्र मी कुठल्याच पेटीत टाकणार नाही. टाकायची हिंमतही नाही, कारण एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. त्या दिवशी दोन्ही काठ हसले, तेव्हा मीही हसले होते. दांडीवर, तुमच्या हनुवटीखाली बसून. तुम्हाला ऐकू आलंच असणार.