दोन बाटल्या

१२ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र काल मिळालं. फोन सोडून मीही पत्रच लिहितेय. फोन भाऊजी उचलतात, आणि हे आधी तुझ्याशीच बोलायचंय.

सोबत दोन बाटल्या आहेत. आम्ही त्या आम्लाने धुतल्यात, पुन्हा घासत बसू नकोस. तुला स्वच्छतेचा सोस फार. सकाळची पहिली लघवी थेट बाटलीत धरायची, भांड्यात नाही. अंगठी काढ, हात धू, झाकणाला आतून बोट लावू नकोस. लगेच फ्रीजमध्ये ठेव. मोठी बाटली तुझी.

“पुन्हा माझीच? तुमच्या लॅबला दुसरं कुणी मिळत नाही का गं?” असं म्हणशील. दोन वर्षांपूर्वीही म्हणाली होतीस. तेव्हा थर्मामीटरच्या कारखान्यातल्या कामगारांची तपासणी होती. ताडून पाहायला पाऱ्याशी संबंध नसलेली माणसं हवी होती, म्हणून मी तुझं नाव घातलं. नंतर म्हटलं, तुझा नमुना खराब निघाला, दुधाच्या पातेल्यात धरलास की काय? पोट धरून हसलीस.

ताई, तो खराब नव्हता. तुझा आकडा कामगारांच्याही वर गेला होता. साहेब म्हणाले, बाटलीत काहीतरी पडलंय, काढून टाका. आकडा बघितला आणि मला भाऊजींची शेगडी आठवली. सोनारकामाच्या दुकानातल्या झाडलोटीतलं सोनं ते पाऱ्यात धरतात आणि घराच्या मागच्या खोलीत तो पारा तापवून उडवतात. तरी मी यादीत तुझ्यापुढे ‘दूषित’ लिहिलं. त्यांचं काम बंद पडेल, तू माझ्यावर चिडशील, म्हणून गप्प बसले. मला माझीच लाज वाटते.

काल तुझं अक्षर पाहिलं. ओळी खाली घसरल्यात. कप हातात राहत नाही, हिरड्यांतून रक्त येतं, आणि वर लिहितेस, वय झालं. अडतिसाव्या वर्षी कसलं वय गं?

तेव्हा प्रत्येकाचा दुसरा नमुना आम्ही वेगळ्या बाटलीत घेऊन गोठवून ठेवला होता. तुझा होता. काल संध्याकाळी तपासला. आकडा तोच.

छोटी बाटली ठकीची. मागच्या खोलीत ऊब असते म्हणून पोर तिथेच अभ्यासाला बसते, असं तूच लिहिलंयस. आणि तिचं अक्षर हल्ली तुझ्यावर गेलंय, हेही कौतुकाने लिहिलंयस. पत्राच्या शेवटी तिने स्वतःचं नाव काढलंय. मी ते कितीदा बघितलं, सांगता येत नाही.

हे वाचल्यापासून शेगडी पेटू देऊ नकोस. भाऊजींना हे पत्र दाखव, भांडण झालं तर माझ्यावर ढकल. उद्या सकाळी बाटल्या भर आणि ठकीला घेऊन मिळेल त्या गाडीने इकडे ये. डॉक्टरांशी मी बोलून ठेवलंय. निकालाची वाट बघायला तिथे थांबू नकोस. मी दोन वर्षं थांबले, तेवढं पुरे झालं.

बाटल्यांवर तुमची नावं मीच घातलीत. तुम्हा दोघींना लिहायला लागू नये म्हणून.

तुझ्या नावापुढे खोटं लिहिलेली,
तुझी धाकटी