सवण्यातून घेतलेली तार

आत्याबाई, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच बहुतेक मला तुम्हाला लिहिणं सोपं जातंय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता त्या गावात तुम्हाला पाहिलेलं माणूसही सापडायचं नाही. मी वाटूरला असते, थोरल्या मुलाकडे. परवा इथं टीव्हीची तार घ्यायला एक माणूस आला होता. भिंतीला कुठं भोक पाडू, असं त्यानं सुनेला विचारलं, आणि सून म्हणाली, "थांबा, ह्यांना विचारते." एवढंच झालं. ती फोन लावायला आत गेली, आणि मी बाजेवर बसल्या बसल्या तुमच्याकडे, हसनाबादच्या घरी गेले.

तुमचा मुलगा लढाईवर गेला तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पलटणीत तारा ओढायचं काम आहे, बंदूक धरायची नाही, असं सांगून तो गेला. आज मी त्याला 'तो' म्हणते. तेव्हा 'हे'सुद्धा म्हणत नव्हते, त्याला हाक मारायची वेळच कधी आली नव्हती. सुरुवातीला पत्रं यायची. मामा, माझे सासरे, ती बैठकीत मोठ्यानं वाचायचे, आणि आपण दोघी दाराआड उभ्या राहायचो. पत्रात सगळ्यांना नमस्कार असायचा आणि शेवटी 'घरातल्या मंडळींना' असं असायचं, त्यात मी आले. मग ब्रह्मदेशाकडे लढाई पेटली आणि पत्रं थांबली. तेव्हा मामांनी जालन्याच्या एका जिनिंगमधल्या मॅनेजरचा जुना रेडिओ आणला. गावात वीज नव्हती. रेडिओ मोटारीच्या बॅटरीवर चालायचा, आणि बॅटरी उतरली की बाजाराला जाणाऱ्या गाडीत टाकून ती जालन्याला भरायला पाठवावी लागायची. पण नुसत्या बॅटरीनं आवाज येत नव्हता. त्याला छतावर उंच तार लागते आणि ती घरात आणावी लागते, असं कळलं, म्हणून जालन्याहूनच एक मेस्त्री आला.

तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे आहे. मेस्त्री धाब्यावर, घराच्या मातीच्या सपाट छतावर, चढून बांबू रोवतो आहे. बांबूपासून मागच्या लिंबाच्या झाडापर्यंत तांब्याची तार ताणली, दोन्ही टोकांना चिनी मातीचे लट्टू अडकवले, कारण तार कशालाही टेकता कामा नये. मग तो खाली उतरला आणि अंगणात उभा राहून मामांना म्हणाला, "मालक, पुढच्या खिडकीतून आत घेऊ. पण आणखी एक तार जमिनीत पुरावी लागती, आन् तिथं ओल पाहिजे. इथं तर समदा मुरूम."

"रोज दोन घागरी पाणी टाकू," मामा म्हणाले.

तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराआड होतात. परक्या माणसापुढे तुम्ही बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी बोललात. "भाऊ, मागं मोरीपाशी बाराही महिने ओल ऱ्हाती. वरची तार सवण्यातून घ्या."

सवणं म्हणजे आपल्या चुलीवरचं, धाब्यातलं धूर जायचं भोक. मेस्त्री मामांकडे बघायला लागला. मामा तुमच्याकडे न बघता म्हणाले, "सैपाकघरात रेडिओ ठेवायचा का मंग? लोक कुठं बसतीन?"

"रेडिओ बैठकीतच ऱ्हाऊ द्या," तुम्ही म्हणालात. "तार तेवढी आमच्यातून जाऊ द्या."

मेस्त्रीला मोरीची ओल पटली. तो परत वर चढला. सवण्याच्या कडेनं माती कोरून त्यानं चिनी मातीची नळी बसवली, बाहेरच्या अंगाला जराशी उतरती, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. नळीच्या आधी तारेला खाली लोंबता झोल दिला. "पाणी तारेवरून येतं अन् झोलातून गळून जातं, आत शिरत न्हाई," तो मामांना सांगत होता, आणि मामा मान हलवत होते, पण ऐकत होतो आपण. तार आत आली, तुळईच्या बाजूनं पुढं गेली आणि बैठकीच्या भिंतीत जी चहा सरकवायची लहानशी खिडकी होती, तिथं संपली. मामांना रेडिओ पुढच्या कोनाड्यात हवा होता. तार पुरली नाही. तिला जोड दिला तर आवाज नीट येत नाही, असं मेस्त्री म्हणाला. म्हणून रेडिओ त्या खिडकीतच बसला. तोंड बैठकीकडे आणि पाठ आपल्याकडे.

स्वयंपाकघरातल्या खांबावर एक खटका ठोकला होता. खटका वर असला की तार रेडिओला, खाली ओढला की तार मोरीतून बाहेर जाऊन जमिनीला. आभाळ भरून आलं की खाली ओढायचा, म्हणजे वीज घरात थांबत नाही. "खरं तर हा बाहेर लावाया पाहिजे," मेस्त्री म्हणाला, "पण पावसात बाहेर येतं कोण." ते काम तुम्ही मला दिलंत. त्या घरात माझं म्हणून सांगितलेलं ते पहिलं काम. बाकीची कामं सगळ्यांचीच होती.

पुढं रोज संध्याकाळी बैठकीत माणसं जमायची. आपण चुलीपाशी. रेडिओच्या पाठीला जाळी होती आणि तिच्यातून आतले काचेचे दिवे लालसर दिसायचे. बातम्या उर्दूतून असायच्या. माझे वडील शाळामास्तर, त्यामुळे मला थोडी उर्दू कानावरून गेलेली. तुम्हाला तर एका कानानं ऐकूच येत नव्हतं आणि दुसऱ्यानं माणसाचं बोलणं तेवढं जेमतेम, रेडिओचं काहीच कळायचं नाही. तुम्ही भाकरी थापता थापता माझ्या तोंडाकडे बघायच्या. "काय म्हणला?" मी सांगायची, अमुक ठिकाणी पूल पडला, अमुक पलटण मागं हटली. तुम्ही मान हलवून पुढची भाकरी तव्यावर टाकायच्या. तार स्वयंपाकघरातून घेण्यात तुमचा स्वतःचा काहीच फायदा नव्हता, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मला वाटायचं, आई आहे, मुलासाठी करते आहे. तुम्ही ते माझ्यासाठी केलं होतं, हे माझी स्वतःची सून घरात आल्यावर मला समजलं. ते समजूनही मी काही वेगळी वागले असं नाही.

एकदा मी म्हणाले, "आत्याबाई, ते गेले असतीन." तुमचा हात परातीत होता. तो थांबला नाही. "चुलीपुढं बसून माणूस मारून राह्यली का तू?" तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाही. मी परत तसं बोलले नाही. मनातसुद्धा बोलले नाही, इतकी मी तुमचं ऐकत होते.

मग भोकरदनहून कचेरीचा शिपाई कागद घेऊन आला. इंग्रजी कागद. शाळेच्या मास्तरांना बोलावलं. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मामांना म्हणाले, "लापता, असं लिहिलंय." हा शब्द बातम्यांत पुष्कळदा येऊन गेला होता आणि मी तो तुम्हाला समजावून सांगितलेला होता. म्हणून त्या वेळी तुम्ही मला काही विचारलं नाही. उठलात आणि जनावरांना पाणी पाजायला गेलात. मी ज्वारी निवडत होते, ती निवडून संपवली.

त्यानंतर मामा बैठकीत बसेनासे झाले. माणसं यायची थांबली. लढाई संपली तेव्हा गावातला पलटणीत गेलेला दुसरा एक जण परत आला. त्याला काही माहीत नव्हतं. एके दिवशी तुम्ही रेडिओ दोन्ही हातांनी उचललात आणि फिरवून त्याचं तोंड आपल्याकडे केलंत. इतके दिवस ज्याची पाठ पाहिली त्याचं तोंड पाहून मला काही विशेष वाटलं नाही. मी ऐकत राहिले. माझ्या हातात बांगड्या होत्या, कपाळाला कुंकू होतं. हळदीकुंकवाला मला कुणी बोलवत नव्हतं आणि विधवाही कुणी म्हणत नव्हतं. मामा दोनदा म्हणाले की ती तार उतरवा आता, बॅटरीचा खर्च कशाला. तुम्ही दोन्ही वेळा म्हणालात, "असू द्या."

पुढं निजामाच्या राज्यातले ते वाईट दिवस आले. लोक दिवसाढवळ्या दारं लावून बसायचे. कुणी कुणी शेतावरची घरं सोडून इंग्रजांनी सोडलेल्या मुलखात, हद्दीपलीकडे जाऊन राहिले. मामा एका दुपारी बाहेरून आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी उभे राहिले. तिथं ते कधी येत नसत. "ह्या तारेतून बातम्या बाहेर जातात, असं म्हणून राह्यलेत लोक. दोन माणसं चौकशी करून गेली. आता उतरवाच."

मला वाटलं तुम्ही 'असू द्या' म्हणाल. तुम्ही हात धुतलेत, पदर खोचलात आणि शिडी मागितलीत. मामा म्हणाले, गडी येईन, तो चढंल. "मीच काढते," तुम्ही म्हणालात. तुम्ही धाब्यावर गेलात. मी खाली चुलीपाशी उभी. खटक्यापासून तार सोडायला तुम्ही मला वरूनच ओरडून सांगितलंत, मी सोडली. मग ती तुळईवरून हळूहळू मागं सरकायला लागली. तिचं टोक सवण्याखाली लोंबलं, वर गेलं आणि नळीतून दिसेनासं झालं. मी बघत होते. वरण उतू चाललं होतं, ते उतरवलं.

खाली येऊन तुम्ही माझ्यासमोर बसलात. "वाटूरला सांगावा धाडलाय," तुम्ही म्हणालात. "रस्ते बराबर झाले की तुझा भाऊ येईन."

"कामून?"

"पाट लावून दे म्हणलं त्याला तुझा."

दुसरं लग्न. मी म्हणाले, "आत्याबाई, ते लापता हायेत. गेले न्हाईत."

"तुझ्यापुरता गेला तो," तुम्ही म्हणालात. "माझ्यापुरतं माझं मी बघीन."

"मामा?"

"त्यांना सांगितलंय. ते काही बोलले न्हाईत."

मग तुम्ही माझा हात ओढून घेतलात, त्याला तेलपाणी लावलंत आणि बांगड्या एकेक करून मनगटावरून सरकवल्यात. नवरा मेलेल्या बाईच्या बांगड्या फोडतात. तुम्ही एकही फुटू दिली नाही. वेळ लागला. माझा हात दुखत होता आणि तुमच्या कपाळावर घाम होता. सगळ्या काढून झाल्यावर तुम्ही त्या माझ्याच ओटीत टाकल्यात. आपल्या मुलाला त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी मारलंत, आणि रडला नाहीत. मीही रडले नाही. तेव्हाही आणि नंतरही.

पुढं सगळं निवळलं, गाड्या सुरू झाल्या आणि भाऊ आला. हसनाबादहून जालन्यापर्यंत बैलगाडी, तिथून परतूरपर्यंत रेल्वे. तुम्ही फडक्यात भाकरी बांधून दिलीत, तेल टाकून कुटलेली लसणाची चटणी आणि दोन कांदे. वेशीपर्यंत आला नाहीत. मागच्या दारात उभ्या होतात. मामा बाहेर आलेच नाहीत.

मला चांगला माणूस मिळाला. तीन मुलं झाली. तुम्ही गेल्याचं मला जालन्याच्या बाजारात कळलं, तेही उशिरा, कापड घेताना, तुमच्या गावच्या एका बाईकडून. पाट लागलेल्या बाईनं पहिल्या सासरी जायची रीत नव्हती, आणि आता जाऊन तरी काय करायचं होतं. मी कापड घेतलं आणि परत आले. तुमचा मुलगा कधीच आला नाही. तुम्ही शेवटपर्यंत त्याचं ताट मांडायच्या असं ती बाई म्हणाली. खरं असेल. तुम्ही म्हणालाच होतात, तुमच्यापुरतं तुम्ही बघाल.

इथली तार शेवटी पुढच्या खोलीतूनच घेतली, मुलानं फोनवर तसं सांगितलं. मी मध्ये बोलले नाही. हा कागद कुठं पाठवायचा नाही. लिहून झाला की चुलीत घालायला आता घरात चूलही नाही, तेव्हा उशीखाली राहील, आणि मी गेल्यावर कुणीतरी रद्दीत टाकील.

एक सांगायचं राहिलंय. गाडी निघाली तेव्हा मी पदर तोंडावर ओढून घेतला होता. भावाला वाटलं, मी रडतेय. तो गाडी हळू हाकत होता, मागं वळून बघत नव्हता. दारातून तुम्हालाही तसंच वाटलं असणार, आणि तुम्ही तेच घेऊन आत गेला असाल. आत्याबाई, मला भूक लागली होती. कितीतरी दिवसांत लागली नव्हती तशी. गावची शीव यायच्या आत मी पदराआड फडकं सोडलं आणि सगळी भाकरी खाल्ली. भावाला विचारलंसुद्धा नाही.