डेलमरने उपटलेल्या तारा

९ जून, सोमवार

—आणि सगळ्यात आधी आला कोण, तर डेलमर! चौदा नंबरच्या ट्रेलरमधला. "एसी बंद पडला," एवढं मी दारातून म्हणतेय तोवर हा वीज तपासायचा मीटर गळ्यात अडकवून पायरीवर हजर. आमच्या ट्रेलरांच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, वस्तीत असंच. कुणाचं यंत्र बिघडलं की म्हाताऱ्यांना वासच लागतो. त्याच्या मागोमाग रुबेन, स्वतःची घडीची खुर्ची घेऊन. तो काम करत नाही. बसतो आणि चुका काढतो. बायकोने दिलेले तमाले, मक्याच्या पानात उकडलेले, मात्र आणले. गरम. या युमाच्या वाळवंटी उन्हात गरम!

सावलीत एकशे तेरा फॅरनहाइट. मी टबात बर्फ टाकून पाय बुडवून बसले. राणीसारखी.

डेलमर म्हणाला, छपरावरचं यंत्र ठणठणीत आहे, भिंतीवरचा थर्मोस्टॅट, गारवा ठरवणारी डबी, मेलाय. म्हणून त्याने तो काढला. काढला कसला, सगळ्या तारा एका हिसक्यात उपटल्या!

रुबेन म्हणाला, "अरे, कुठली कुठे होती, फोटो काढलास का?"

"फोटो कशाला? रंग आहेत की!"

संध्याकाळी मार्लाचा फोन. लेक माझी, पण बोलते सासूसारखी. "आई, शनिवारी येतेय. एसी चालू नसला तर सामान बांधायचं आणि माझ्याबरोबर फीनिक्सला यायचं. वाद नको."

तेरा वर्षं मी इथे आहे. माझा नवरा होइट वारल्यावरही राहिले. या ट्रेलरचं कुठलं दार कुठे अडतं ते मला झोपेत कळतं. मी नाही जाणार.

१० जून

डेलमर दुकानातून नवा थर्मोस्टॅट घेऊन आला. चकचकीत. लावला. ढिम्म! ना दिवा, ना आवाज. दीड तास मीटर टेकवत बसला.

रुबेन खुर्चीतून, "डेलमर, राजा, तो पक्क्या घरातला आहे. चोवीस व्होल्टचा. ट्रेलरमध्ये बारा असतात."

"मग दीड तास गप्प का बसलास?"

"तू विचारलंस का?"

मी हसले ते टबातलं पाणी सांडेपर्यंत. मग एकटीच असताना आठवलं की शनिवार चार दिवसांवर आलाय. मग नाही हसले.

११ जून

फार गरम. लिहवत नाही.

१२ जून, गुरुवार

आज बारा व्होल्टचा आला. डेलमरने पक्क्या घरातल्यासारख्या तारा लावल्या. लाल इथे, पांढरी तिथे, तोंडाने पुटपुटत, बायबल वाचल्यासारखा. "ऑर्लीन, दाब आता. थंड!"

दाबलं. घुर्र झालं. मी दोन्ही हात वर करून नाचले! आणि छतातल्या झडपेतून आला कसला वारा, तर भट्टीचा! हीटर सुरू झाला! जूनमध्ये! रुबेन खुर्चीसकट बाहेर पळाला.

"हा ट्रेलर वेडा आहे," डेलमर म्हणाला. "रंगांना काही अर्थच नाही इथे."

आता ट्रेलरला वेडा म्हटल्यावर मी उठले. तोवर मला कुणी बघूच दिलं नव्हतं. "तू बस गं, तारांचं काम आहे." चष्मा लावला, तारांच्या भिंतीतल्या भोकात डोकावले. आणि काय दिसावं! माझी नेलपॉलिश! गुलाबी ठिपके! एकेका तारेवर.

होइटला रंग दिसायचे नाहीत. हिरवा टोमॅटो पिकला म्हणून तोडायचा. उंदरांनी तारा कुरतडल्या तेव्हा त्याने हाताला येतील त्या तारा घातल्या, आणि मी शेजारी बसून ठिपके दिले. एक ठिपका वीज. दोन पंखा. तीन थंड. चार हीटर. मी पाचवीत शाळा सोडली, पण चारपर्यंत येतं मला मोजता!

"चार ठिपक्यांची थंडच्या जागी लावलीस, गाढवा," मी म्हटलं. "तीनची लाव."

डेलमरने मुकाट्याने लावली. रुबेन खुर्ची घेऊन परत आत आला. मग वरून गार वारा आला. अस्सा गार! आम्ही तिघं झडपेखाली तोंडं वर करून उभे. कोंबडीच्या पिल्लांसारखे.

१४ जून, शनिवार

मार्ला आली, बिस्किट नावाचा तिचा कुत्रा घेऊन. आल्या आल्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे गेली, आकडा वाचला. बहात्तर. माझा स्वेटर मागितला!

मग डेलमर आला, 'नुसतं ऐकायला, यंत्र कसं चाललंय ते.' मग रुबेन, खुर्ची आणि बायको घेऊन. आठ जणांना पुरेल इतकं खाणं. डेलमर पोरीला नेलपॉलिशची गोष्ट सांगत होता, त्यात शोध त्यानेच लावला म्हणे! ऐकून घेतलं.

सगळे जेवून गेल्यावर मार्ला भांडी पुसत म्हणाली, "आई, रोज इतके येतात?"

"बिघडलं की येतात. नाही बिघडलं तर बिघडलं का बघायला येतात."

"माझ्या दाराची घंटा गेल्या महिन्यात एकदा वाजली. पार्सलवाला होता."

मी तिच्या हातातला फडका घेतला. तिला झोपायला लावलं. संध्याकाळपर्यंत उठली नाही पोर.

१५ जून, रविवार

मार्ला आणि बिस्किट गेले. २२ तारखेला, रविवारी, परत येणार म्हणाली. मला न्यायला नाही. राहायला! शेजारची सात नंबरची रिकामी जागा तिने आजच स्वतःसाठी सांगून ठेवली.