बोटीचं तेवढं वगळा

६ एप्रिल
आले एकदाचे! राजधानीहून सरकारी वकीलबाई आणि टेबलभर नकाशा. दुसरे देश म्हणतात, आमच्या गावासमोरची सामुद्रधुनी सगळ्या जगाला मोकळी. सरकार म्हणतं, आमची. का? तर आम्ही इनुइट लोक पूर्वापार या गोठलेल्या समुद्रावर राहतो, शिकार करतो! बाबांनी कोर्टासाठी तेवढं सांगायचं, मी भाषांतर करायचं.

पूर्वापार! बाबा सात वर्षांचे होते. दक्षिणेतल्या गावातून याच सरकारने बोटीत घालून इथे आणून टाकलं. उघड्या खडीवर! दोन वर्षांत परत नेऊ म्हणाले. कसलं काय! नकाशावर झेंडे रोवायचे होते, झेंडे म्हणून माणसं वापरली. आजी वाट बघत बघत दुसऱ्याच हिवाळ्यात गेली.

आणि आता पुरावाही आम्हीच द्यायचा.

७ एप्रिल
हॉलमध्ये जबानी. बाबांनी बोटीपासून सुरुवात केली. वकीलबाई म्हणे, "बोटीचं तेवढं वगळू या ना. दुसरे देश म्हणतील, हे तर आणून बसवलेले." हो, बसवलेलेच! कुणी बसवलं?

मग तिने विचारलं, तुमच्याहून मोठं, त्या वेळचं कुणी आहे का? "आई आहे की घरी," बाबा म्हणाले. मी जसंच्या तसं सांगितलं. मला कुठे सुचलं की हिला समजावून सांगावं लागेल!

८ एप्रिल
बाई सकाळीच दारात. हातात चहाचा डबा, रेकॉर्डर चालू. "आई कुठायत?"

माझी मुलगी आलासी, चार वर्षांची, जमिनीवर बसून सीलचं मांस खात होती. हनुवटीपर्यंत माखलेली. तिला आजीचं नाव ठेवलंय, आणि आमच्यात नावाबरोबर गेलेलं माणूसच परत येतं, म्हणजे ती बाबांची आईच. ते तिला आई म्हणतात, ती त्यांना बाळा. "बाळा, दार लाव, गारठा येतोय," आलासीने फर्मावलं. बाबांनी लावलं.

बाई लालबुंद! "हे कोर्टात नाही चालणार."

"ही आई चालत नाही, आणि बोट वगळलेलं पूर्वापार चालतं?" बाबा म्हणाले. हे भाषांतर मी जरा जास्तच मोठ्याने केलं.

९ एप्रिल
बाईचं एक मात्र खरं आहे. सामुद्रधुनी मोकळी झाली तर बर्फ फोडणारी जहाजं वसंतातच घुसतील. पलीकडे शिकारीला जायचा आमचा रस्ता बर्फावरून. तो फुटला की खायचं काय?

म्हणजे खोटं बोलाल तर बर्फ वाचेल! अशी अट घालताना जीभ कशी झडत नाही यांची?

११ एप्रिल
बाबांनीच अट घातली. "दोन वर्षांचं वचन होतं. आता पाळा. मला आणि आईला घरी पोचवा, मग काय ते विचारा."

"अहो, पण तुम्हीच गेलात तर इथे राहतं कोण म्हणून दाखवू?"

बाबा हसले! पोट धरून हसले.

१५ एप्रिल
सरकार अजून विचार करतंय. तिकिटं शेवटी गावानेच काढली. आलासी उन्हाळाभर राहील, तिकडे बाबांच्या चुलत बहिणी आहेत. बाबा मात्र परत येणार नाहीत. मी विचारलंच नाही, त्यांनीच सांगितलं.

१६ एप्रिल
विमान गेलं. खिडकीच्या काचेला आलासीचं नाक चिकटलेलं. चढताना बाबा म्हणाले, "आईला घरी नेतोय गं."

घरी येऊन वकीलबाईला फोन लावला. म्हटलं, मी इथेच जन्मले, हा बर्फ माझा आहे. माझी जबानी घ्या.

बोटीपासून लिहा.